मृदायामिकी
माती, वाळू, मुरूम इ. सुट्या द्रव्यांच्या थरांवर भार आला असता त्यांत होणारे बदल व त्यांची भार पेलण्याची क्षमता यांचा अभ्यास करणारी स्थापत्य अभियांत्रिकीची शाखा. इमारतींचे पाये, धरणे, भराव, संधारक भिंती इत्यादींच्या अभिकल्पात या शास्त्राचा उपयोग करण्याच्या विद्येस भूतांत्रिकी म्हणतात. कृषिशास्त्रात मृदा म्हणजे वनस्पती वाढणारा वरचा थर. अभियंता मात्र खडकावरील सर्व सुट्या द्रव्यास मृदा म्हणतो.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी येथे या अभ्यासाची गरज सहज लक्षात येते. मनोरी-गोराई भागात ट्रॅकाइट, रायोलाइट हे ज्वालामुखी खडक उघडे पडलेले आहेत. समुद्राकडे वाळूची पुळण असून खाडीच्या बाजूस तिवरांच्या मुळांत साचलेला भरतीचा मऊ गाळ आहे. थोड्याच अंतरात जमीन अशी पालटत असल्याने एका जागेवरून शेजारच्या जागेविषयी अनुमान करणे धोक्याचे असते.

खाडीच्या चिकणमातीतील रंध्रे पाण्याने भरलेली असतात. भार पडताच तो प्रथम या पाण्यावर येतो व रंध्रजलदाब वाढतो. पुढे पाणी अतिसूक्ष्म वाटांनी सावकाश निघून जाते, तसतसा भार कणांच्या सांगाड्यावर येऊन थर दबतो व बळकट होतो. या क्रियेस दृढीकरण म्हणतात. तिचा सिद्धांत कार्ल टेर्झागी (१८८३–१९६३) यांनी मांडला. त्यांच्या १९२५ मधील जर्मन ग्रंथापासून आधुनिक मृदायामिकीचा आरंभ मानतात.

दृढीकरणास लागणारा काळ पाण्याला काटाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. उदा., दृढीकरण गुणांक वर्षास १ चौ. मी. असलेल्या १० मी. जाडीच्या थरातून पाणी वर व खाली दोन्हीकडे निघू शकत असेल, तर ९०% दृढीकरणास सु. २१ वर्षे लागतात. तळाशी अभेद्य खडक असल्यास हाच काळ सु. ८५ वर्षे होतो. त्यामुळे घर बांधून अनेक वर्षे लोटल्यावरही भिंतींना तडे जाऊ शकतात. सर्व घर सारखे खचल्यास हानी त्या मानाने कमी होते. परंतु एक बाजू खडकावर व दुसरी गाळावर असल्यास असमान खचणीमुळे सांगाड्यालाच धोका पोहोचतो.

म्हणून पायाच्या अभिकल्पापूर्वी छिद्रे पाडून थरांची जाडी, खडकाची खोली व भरती-ओहोटीनुसार बदलणारी भूजलपातळी नोंदवितात. प्रमाण भेदन कसोटीत ६३·५ किग्रॅ. वजनाचा हातोडा ७५ सेंमी. उंचीवरून पाडतात, नमुना-नळी पहिले १५ सेंमी. आत गेल्यानंतर पुढील ३० सेंमी. जाण्यास लागणारे ठोके मोजतात. अतिमऊ गाळात नळी केवळ स्वतःच्या वजनाने आत जाऊ शकते. तेथे चार पाती असलेला दांडा रोवून तो फिरविण्यास लागणाऱ्या पिळावरून गाळाचे कर्तनबल काढतात. दृढीकरण गुणांकासाठी पातळ नळीतून अविक्षुब्ध नमुने काढून प्रयोगशाळेत तपासतात.

भार खडकापर्यंत पोहोचविण्यासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर घातलेले खांब, वापरतात. मात्र भोवतालचा भराव खचत असल्यास तो पाइलला खाली ओढतो. हा वाढीव भार हिशोबात धरावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत गाळात जवळजवळ उभ्या निचरा-वाटा घालून वर तात्पुरता भराव टाकतात. पाण्याचे अंतर निम्मे झाल्यास काळ एकचतुर्थांशावर येतो. अशा रीतीने जी खचणी वापर सुरू झाल्यावर झाली असती, तिचा बहुतेक भाग बांधकामापूर्वीच उरकून घेता येतो.