पहिली बादली आजच्या नियमांत बसली नसती

२ मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर जीपीएसचे नागरी संकेत मुद्दाम बिघडवून सोडत असे. शंभरेक मीटरची चूक गृहीतच धरावी लागे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ती आडकाठी उठली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने एक काळी बादली अर्धवट जमिनीत पुरली. आत नोंदवही, पेन्सिल, पुस्तके, बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा. अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले, सांगणे एवढेच: काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधलीसुद्धा. महिनाअखेरीस मॅट स्टम यांनी या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांचे या खेळाचे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा यादीत ७५ डबे होते.

कल्पना मात्र जुनी. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जेम्स पेरॉट या वाटाड्याने १८५४ मध्येच क्रॅनमियर पूलपाशी एक बाटली ठेवली होती. दलदल तुडवत तिथवर पोचणाऱ्याने तीत आपले कार्ड टाकायचे.

गंमत अशी, की अल्मर यांची बादली आज त्या संकेतस्थळावर मंजूर झाली नसती. खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात. डबा पुरण्यासाठी जमीन खणायची नाही. हे शहाणपण अनुभवातून आले, म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. २०११ मध्ये यॉर्कशरच्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी कुंडीखाली काहीतरी चाचपताना दिसला. रस्ता बंद झाला, बॉम्बशोधक पथक आले आणि जिओकॅशिंगचा तो डबा स्फोटाने उडवण्यात आला. डब्यावर ठळक नाव घालणे, जागामालकाची परवानगी घेणे हे उपचार नव्हेत, ते अशा दिवसांसाठी असते.

बाकी रीत साधी आहे. वहीत सही केली तरच डबा सापडला असे धरतात. वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवायची. आसपास लोक असतील तर थांबायचे आणि डबा होता तसाच, तिथेच झाकून ठेवायचा. मागून येणाऱ्याचा शोध शाबूत राहतो तो यामुळेच.

आपल्याकडे गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्या कुणाला हा छंद लागला, तर माझी एकच विनंती: संरक्षित वास्तूच्या चिऱ्यांत डबा खुपसू नका. आधी परवानगी विचारा.