पाडव्याच्या रात्रीचा जाळ आणि सरकारी फायली

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भातील अनेक जिल्ह्यांत लोक अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर उभे राहून आकाशाकडे पाहू लागले. जळत्या ठिणग्यांची एक लांब रांग सावकाश पुढे सरकत होती. कुणी म्हणाले उल्का, कुणी क्षेपणास्त्र, कुणी पेटलेले विमान. परग्रहावरचे यान म्हणणारेही निघालेच. केळापूर तालुक्यासारख्या शेतशिवाराच्या भागात आकाश अजून बऱ्यापैकी काळोखे असते. तिथे असे दृश्य पाहून छातीत धस्स झाले, तर नवल नाही.

उत्तर त्याच रात्री जमिनीवर आले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पुढे आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अवशेष पोलिसांनी ताब्यात घेतले आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा होता. कड्याचा व्यासही त्या टप्प्याशी जुळतो.

मग डोळ्यांना यान का दिसते? अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’च्या फायलींत याचा धडा आहे. ३ मार्च १९६८ रोजी रशियाच्या ‘झाँड ४’ मोहिमेचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले. काही साक्षीदारांनी हवाई दलाला कळवले, की त्यांनी उजेड असलेल्या खिडक्यांचे लांबट यान पाहिले. हे लोक खोटे बोलत नव्हते. काळोखात सुटे दिवे एकाच वेगाने सरकताना दिसले, की मेंदू त्यांना एकत्र जोडतो आणि मधली काळी जागा यानाच्या अंगाने भरून काढतो. अंतराचा अंदाज घ्यायला जवळ काही नसते, म्हणून ऐंशी किलोमीटर उंचीवरची वस्तू झाडाच्या शेंड्यावर वाटते.

ब्लू बुकमध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांतल्या ७०१ नोंदींचा, म्हणजे शंभरात साधारण साडेपाचांचा, उलगडा झाला नाही. ‘उलगडा झाला नाही’ म्हणजे ‘परग्रहवासी आले’ असे नव्हे. अनेकदा माहितीच अपुरी असते. अमेरिकी संरक्षण खात्याने मार्च २०२४ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासून अहवाल दिला. त्यातही परग्रहावरील तंत्रज्ञानाचा पुरावा आढळला नाही.

आपल्या सैन्यालाही हा अनुभव आहे. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांनी सहा महिन्यांत तीनशेहून अधिक वेळा अनोळखी प्रकाश नोंदवले. हेरगिरीची शंका होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ताडून पाहिले, तर ते शुक्र आणि गुरू निघाले. जवानांनी वेळ आणि दिशा नीट लिहून ठेवली होती, म्हणूनच हे कळले.

उल्का आणि अवकाशातील कचरा यांतला फरक साध्या डोळ्यांनीही करता येतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांत विझते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने, तिरका शिरतो. त्यामुळे तो अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त दिसतो आणि त्याचे तुकडे होत जातात.

खरा धोका आकाशात नसून बांधावर असतो. पडलेली टाकी किंवा गोळा कुतूहलाने उचलला जातो, भंगारात विकला जातो. अशा टाक्यांत कधी कधी हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेले असते. त्याने त्वचा भाजते आणि श्वासातून गेल्यास फुप्फुसांना इजा होते. काही गोळ्यांवर कार्बन धाग्यांचे वेष्टन असते, त्याची कुसळे हातात रुततात. म्हणून हात लावू नका, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा, पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा. हात लागलाच असेल, तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

वस्तू जागेवर राहण्याला आणखी एक कारण आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातील वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. १९७८ मध्ये ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. उद्या कुणाचे घर किंवा गोठा मोडला, तर तो तुकडाच पुरावा ठरेल.

पुन्हा असे काही दिसले, तर घड्याळ पाहा. कुठल्या दिशेकडून कुठे गेले, किती वेळ दिसले, आवाज आला का, हे लिहून ठेवा. चित्रीकरण करताना झाड किंवा घराचा कोपरा चौकटीत घ्या, म्हणजे उंची आणि दिशा काढता येते. गावातल्या चार माणसांनी एवढे केले, तरी शास्त्रज्ञांचे निम्मे काम होते.