हायस्कूलची खबरबात : फॉर्म भरण्याआधी दाखला वाचा



या पानावर एरवी मी लागण, खोडवा, हुमणी नाहीतर पाचट यावर लिहितो. या खेपेला विषय शाळेचा आहे. मागच्या महिन्यात आपल्या हायस्कूलच्या पालकसभेला मी पालक म्हणूनच गेलो होतो. थोरली मुलगी नववीला आहे. खुर्च्या पुष्कळ मांडलेल्या, माणसं थोडी, त्यातही आया जास्त. बापमंडळी पाळीपाण्याला गेलेली. सभा संपल्यावर हेडमास्तर म्हणाले, "साहेब, नोटीस आम्ही मोबाईलच्या ग्रुपवर टाकतो, पण घरचा मोबाईल पोराच्याच हातात असतो. तुमचं पत्रक मात्र पारावर वाचलं जातं. चार गोष्टी त्यात छापा." म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट नावाची आणि जन्मतारखेची. ऊस नोंदवताना लागणीची तारीख महिनाभर पुढंमागं लिहिली गेली की तोडीच्या वेळी काय गोंधळ होतो, हे मी आपल्याला सांगायला नको. गट ऑफिसला येऊन तुम्ही आमच्याशी भांडता आणि आम्ही रजिस्टर दाखवतो. शाळेतही तसंच एक रजिस्टर असतं, त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. पहिलीला नाव घालताना गुरुजींनी त्यात जे लिहिलं तेच पुढं दाखल्यावर उतरतं, दाखल्यावरून हायस्कुलात, हायस्कुलातून बोर्डाच्या फॉर्मवर आणि फॉर्मवरून दहावीच्या मार्कलिस्टवर. आणि मार्कलिस्टवर एकदा छापून आलं की तो मुलगा जन्मभर त्याच नावाचा आणि त्याच तारखेचा.

मीच उदाहरण घ्या. माझी आई सांगते, मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलो. दाखल्यावर मात्र १ जून. आमच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनचाच होता. शाळा जूनमध्ये उघडायच्या, वय भरलं की नाही ते गुरुजी बोटांवर मोजायचे आणि तारीख ठोकून द्यायचे. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ३१ मेला एकदम इतके लोक निवृत्त होतात की निरोपसमारंभाला हार पुरत नाहीत, ते त्यामुळंच. तारखेनं माझं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते वडिलांच्या नावानं. माझ्या दाखल्यावर वडील 'रामू', सातबाऱ्यावर 'रामचंद्र'. कृषी पदविकेला प्रवेश घेताना शेतकऱ्याचा मुलगा असल्याचा दाखला लागत होता. खिडकीतल्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, हा रामू कोण? प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा पंचनामा, तीन हेलपाटे. शेवटच्या दिवशी चार वाजता प्रवेश मिळाला. तो दिवस हुकला असता तर मी आज हे लिहीत नसतो.

आता तर आधार आलं आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक काढण्याचं काम शाळांतून चालू आहे. त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि शाळेतलं नाव व आधारवरचं नाव जुळलं नाही तर क्रमांक अडकतो. एकीकडं 'बाबासो' आणि दुसरीकडं 'बाबासाहेब' असलं तरी संगणकाला ती दोन माणसं वाटतात. तेव्हा आज संध्याकाळी मुलाचं आधार, रेशनकार्ड आणि शाळेतून आणलेला बोनाफाईड असे तीन कागद कंदिलाखाली, म्हणजे आताच्या भाषेत बल्बखाली, शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, तारीख ही अक्षर अन् अक्षर ताडून बघा. चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्रात जाऊन दुरुस्त करा. शाळेच्या रजिस्टरात असेल तर मूल शाळेत आहे तोवरच पुरावा जोडून अर्ज द्या. एकदा शाळा सोडल्यावर रजिस्टरातली नोंद बदलणं फार जिकिरीचं होतं.

दहावीचा फॉर्म शाळा ऑनलाईन भरते, साधारण दिवाळीच्या आगेमागे. भरल्यावर बोर्डाकडून छापील यादी शाळेत येते, तिला प्री-लिस्ट म्हणतात. तीवर विद्यार्थ्याची सही घेतात. पोरं न वाचता सही ठोकतात! ती यादी आली की घरचं एक माणूस शाळेत जाऊन बघून आलं तर बरं.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचा जो नवा नियम आहे, तो १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. आजच्या हायस्कुलातल्या मुलांची नावं त्यासाठी बदलायची गरज नाही. दोघा-तिघांनी माझ्याकडं तशी चौकशी केली होती.

जातीच्या दाखल्याचंही आत्ताच बघा. बारावीनंतर पडताळणीसाठी धावाधाव होते ती जुन्या पुराव्यांसाठी. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात सापडतो. आपलं हायस्कूल त्यामानानं नवं आहे, तिथं तो मिळणार नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेतून उतारा काढून ठेवा. त्या रजिस्टरांची पानं आता हात लावला की तुटतात.

दुसरी गोष्ट पैशाची. आठवीच्या मुलांसाठी 'एनएमएमएस' नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती २००८ सालापासून आहे. आपल्याकडं ती ऐकून माहीत, पण फॉर्म थोडेच जातात. नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. अट अशी की शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असावी, आईबापाचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं आणि सातवीला ५५ टक्के असावेत (अनुसूचित जाती-जमातींना ५०). आपल्या दोन-अडीच एकरवाल्या सभासदांपैकी बहुतेक घरं यात बसतील. परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा. अंकमालिका, आरशातली आकृती असले प्रश्न सवयीनं सुटतात, मुलगा फार हुशार असावा लागतो असं नाही.

शिष्यवृत्ती लागली की काम संपलं असं मात्र नाही. दरवर्षी राष्ट्रीय पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि अकरावीला ती चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात. पैसे मुलाच्या खात्यावर येतात, ते खातं आधारशी जोडलेलं हवं. माझ्या माहितीत एका मुलीचं नाव यादीत लागलं, शाळेत पेढे वाटले आणि खातं जोडलेलं नसल्यानं वर्षभर दमडी आली नाही. बाप म्हणत होता, सरकारनं फसवलं. बँकेत जाऊन एक फॉर्म भरायचा होता. मराठा, कुणबी समाजातली जी मुलं परीक्षेत उत्तीर्ण होतात पण गुणवत्ता यादीत बसत नाहीत, त्यांना 'सारथी' संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. त्याचा अर्ज वेगळा, तो शाळेतूनच जातो.

एसटीच्या पासाचं थोडक्यात सांगतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मुलांना दोन तृतीयांश सवलत आहे. २०२५ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायला सुरुवात झाली, डेपोत रांग लावायला मुलाला शाळा बुडवून पाठवू नका.

आता हजेरी. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आपल्याकडं हजेरी कधी घटते ते हेडमास्तरांनी मला रजिस्टर उघडून दाखवलं. एकदा लागणीच्या दिवसांत आणि एकदा तोड जोरात असताना. शिवाय रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात मुलं वर्गात येतात खरी, पण पहिल्या तासाला झोपतात. बापाचं वय झालंय, बिबट्याची भीती, म्हणून पोराला बॅटरी देऊन मोटर चालू करायला पाठवतात. मी शेतीखात्याचा माणूस, पाण्याची पाळी चुकवा असं कसं म्हणू? पण ठिबक असेल तर मोटरीला ऑटो स्टार्टर बसवून काम भागतं, आणि पाटपाणी असेल तर शेजारच्या दोघा-तिघांनी पाळी लावून घ्यावी. निदान दहावीच्या वर्षात तरी. २०२५ साली बोर्डाची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. परीक्षा मार्चमध्ये, हा आपला जुना हिशेब आता सोडायला हवा. तोंडी-प्रात्यक्षिकं तर त्याच्याही आधी होतात.

त्या तोंडी-प्रात्यक्षिकाच्या २० गुणांना आपण काही समजत नाही. "ते काय, मास्तर देतातच." देतात, पण वही पुरी असेल आणि मूल हजर असेल तर. या गुणांची किंमत बघायची तर राज्याचा निकाल पाहा. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के मुलं पास झाली. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० पासून गुण परत दिले, निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीनं गुण दिले होते, हेही खरं.) चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेल्या मुलांना श्रेणीप्रमाणं ७, ५ किंवा ३ जादा गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव वेळेत शाळेकडं द्यावा लागतो.

आणि नापास झालं तर? एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा लगेच त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर होते. २०१५ पासून ही सोय आहे. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत वाट बघावी लागायची, तोवर पोरगं ट्रॅक्टरवर बसून हाताबाहेर गेलेलं असायचं. निकालादिवशी घरात कोणी आवाज चढवू नये, एवढं मात्र मी हात जोडून सांगतो.

शेवटची खबर आपल्या मुलांची नाही, पण आपल्या फडातली आहे. तोडीला टोळ्या येतात त्यांच्याबरोबर मुलं येतात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं मधूनच कुठल्याही शाळेत बसता येतं, गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलेलं असलं तर आणखी सोपं. पण कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचं मूल त्याच्या बाहेर पडतं, आणि नेमकं तेच वय मोळ्या बांधायला उपयोगी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली, पण सगळीच मुलं तिथं पोचलेली नाहीत.

गेल्या काही हंगामांतली गोष्ट. एका सभासदाच्या फडात प्लॉट बघायला गेलो असताना एक मुलगी वाढे बांधत होती. सहज विचारलं, कितवीला? म्हणाली, दहावीला. परीक्षा कधी? बारा दिवसांनी, बीडकडं, तिच्या गावच्या केंद्रावर. बाप खाली मान घालून म्हणाला, "उचल फिटली नाही साहेब, मुकादम सोडंना. आई गेली तर कोयता मोडतो." सभासद तिथंच उभे होते. त्यांनी मुकादमाला बोलावून घेतलं, तोड आठ-दहा दिवस रेंगाळली तरी चालेल, माझा ऊस शेवटी तोडा, म्हणाले. वजन घटतं हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मायलेकींना दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसवलं, तिकिटाचे पैसेही त्यांनीच दिले. निकाल लागल्यावर मुकादमाच्याच मोबाईलवरून फोन आला. मुलगी पास होती.

हेडमास्तरांनी यंदा एक गोष्ट कबूल केली आहे. टोळीतल्या नववी-दहावीच्या मुलांना, नाव मूळ शाळेत राहू देऊन, दुपारच्या तासांना आपल्या हायस्कुलात बसू देतील, पुस्तकंही जुनी का होईना देतील. तोड सुरू झाली की आपल्या फडात असं मूल दिसल्यास त्याचं नाव, इयत्ता आणि मूळ शाळेचं गाव चिठ्ठीवर लिहून चिटबॉयजवळ द्या. दर शनिवारी त्या चिठ्ठ्या मी गट ऑफिसमधून गोळा करून शाळेत पोचवीन.

— ऊस विकास अधिकारी