तीन डबे घरभर, तरी नेट मंदच!

वर्धा शहरात, हिंगणघाट-आर्वीकडेही हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीत, आईवडील इथल्या दुमजली घरात. वरच्या खोलीत नेट पोहोचत नाही म्हणून मुलगा दिवाळीला येतो, ‘मेश’ वायफायचे तीन डबे बसवतो आणि परत जातो. हिवाळा बरा जातो. एप्रिल लागला की तक्रार सुरू होते. फोनवर वायफायच्या सगळ्या रेषा दिसतात, पण व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा गोठतो, आवाज तुटतो.

नातवंडांशी गप्पा अर्ध्यावर राहिल्या तर एकवेळ चालतं. पण ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेमुळे २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. गोळी अर्धी घ्यायची की एक, नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही तर ते परवडणारं नाही. अशा वेळी बरेच जण महागडा प्लॅन घेतात किंवा चौथा डबा आणतात. त्याने बहुधा फरक पडत नाही, कारण दोष कुठे आहे हे शोधलेलंच नसतं.

रेषा दिसतात, मग अडतं कुठे?

साध्या राउटरमध्ये फोन आणि राउटर असा एकच टप्पा असतो. मेशमध्ये दोन असतात. फोनपासून जवळच्या डब्यापर्यंत एक, आणि त्या डब्यापासून मुख्य डब्यापर्यंत दुसरा. फोनवरच्या रेषा फक्त पहिल्या टप्प्याची खबर देतात. दुसरा टप्पा लंगडा असेल, तरी रेषा भरलेल्याच दिसतात.

म्हणूनच नेट न येणाऱ्या खोलीत डबा ठेवणं ही सर्वांत मोठी चूक आहे. जिथे नेटच पोहोचत नाही, तिथे डबा तरी पुढे काय देणार? त्याची जागा मुख्य डबा आणि त्या खोलीच्या साधारण मध्ये, जिनाच्या तोंडाशी वगैरे हवी. शिवाय तिसरा डबा दुसऱ्याला आणि दुसरा पहिल्याला अशी साखळी करू नये. स्वस्त मेशमध्ये तोच रेडिओ घेतो आणि तोच पुढे पाठवतो, त्यामुळे दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. दोन्ही डबे थेट मुख्य डब्याशी जोडले जातील अशी मांडणी करावी. शक्य असेल तर मधे लॅन केबल टाकावी. १०० मीटरपर्यंत ती आरामात चालते आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कूलर, कवेलू आणि भिंती

वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं. पहिल्याची लहर सुमारे १२ सेंटीमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतं. २.४ दूर जातं, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो.

या दोन्ही लहरींचे दोन शत्रू आहेत, धातू आणि पाणी. धातू लहर परतवतो, पाणी शोषून घेतं. उन्हाळ्यात विदर्भातल्या घराघरांत हे दोन्ही एकत्र येतात, ते म्हणजे पत्र्याचा, पाण्याने भरलेला डेझर्ट कूलर. हिवाळ्यात मोकळी असलेली वाट एप्रिलमध्ये कूलरने अडते. लोखंडी कपाट, टिनाचं छत आणि सळ्यांची स्लॅबही असाच अडथळा करतात. कवेलूच्या जुन्या घरांत छत अडवत नाही, पण मातीच्या जाड भिंती अडवतात. डबा कूलरमागे किंवा कपाटावर असेल, तर तो हलवावा. छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा.

दुसरी गोष्ट तापमानाची. बऱ्याच घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच चालवा, असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. स्लॅबखालच्या बंद खोलीत, टीव्हीच्या मागे कोंबलेला डबा दुपारी तापतो, मग स्वतःचा वेग कमी करतो किंवा बंद पडून पुन्हा सुरू होतो. नेट दुपारी बिघडतं आणि रात्री सुधारतं, तर संशय आधी उष्णतेवर घ्यावा. उलट रात्री ९ च्या सुमारास बिघडत असेल, तर बाहेरच्या लाइनवरची गर्दी हे कारण असू शकतं.

आणि कूलरच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर डब्याचा प्लग नको. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि डबा पुन्हा सुरू होत बसतो. वीज गेल्यावर मुख्य डबा इन्व्हर्टरवर आणि बाकीचे विजेवर, अशी विभागणीही टाळावी.

दोन पोस्टमन, एक घर

गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. नावाच्या साधर्म्यामुळे त्यांची टपालं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. घरातल्या जाळ्यातही असा पत्त्यांचा घोळ होतो. कंपनीने दिलेल्या डब्यात स्वतःचा राउटर असतो. त्यापुढे मेश लावलं की दोन्ही यंत्रं घरातल्या उपकरणांना पत्ते वाटू लागतात. दोघांची पत्त्यांची मालिका एकच निघाली, तर निरोप वाटेतच हरवतात. मेशच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ हा पर्याय निवडावा, किंवा कंपनीचा डबा ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून घ्यावा. कंपनीच्या डब्याचं जुनं वायफायही बंद करावं. नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतो.

कागद-पेन घ्या

दोष शोधायला अर्धा तास पुरतो. आधी लॅपटॉप केबलने कंपनीच्या डब्याला जोडा आणि वेग मोजा. इथेच कमी आला, तर दोष घराबाहेरचा आहे आणि तक्रार कंपनीकडे करायची. तारीख-वेळ लिहून ठेवा. ३०० चा प्लॅन असून आकडा ९०-९५ वर अडत असेल, तर केबलची एखादी तार तुटलेली असते किंवा डब्याचं पोर्टच १०० चं असतं. मग मुख्य डब्याशेजारी वायफायवर मोजा, नंतर प्रत्येक डब्याशेजारी, शेवटी अडचणीच्या खोलीत. जिथे आकडा एकदम कोसळतो, तिथे दोष.

सिग्नलची ताकद मेशच्या अॅपमध्ये उणे आकड्यात दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली त्रास. इथे १० चा फरक म्हणजे शक्तीत १० पट फरक, त्यामुळे डबा दोन हात सरकवला तरी निकाल बदलतो.

वेग भरपूर असूनही कॉल तुटत असेल, तर अपलोडकडे बघा. कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, पण त्याच वेळी सीसीटीव्ही किंवा फोनचे फोटो इंटरनेटवर चढत असतील, तर आवाजाचे तुकडे रांगेत अडकतात. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. तीन बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

आणि प्रकृतीचं काय?

तीन डबे म्हणजे तिप्पट किरणोत्सर्ग, ही भीती काही घरांत असते. वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू फोडणाऱ्या नसतात. डब्याची शक्ती वॉटच्या काही दशांशांइतकीच असते आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. कानाला लावलेला मोबाइल त्याहून कितीतरी जवळ असतो. त्यामुळे डबा रात्री बंद करायचा असेल तर खुशाल करा, पण घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील आणि त्यांचा फोन वायफायवरूनच लागत असेल, तर तो चालू राहिलेलाच बरा.