खंभातच्या आखातातली वाकडी वाट

अकरावीला सदिशांची बेरीज शिकवताना नदी आणि नावेचे उदाहरण हटकून येते. नदी उत्तरेकडे वाहते आहे, नावाड्याला बरोबर समोरच्या काठावर पोहोचायचे आहे. तर नावेचे तोंड प्रवाहाविरुद्ध किती अंशांनी वळवावे? या गणिताचे उत्तर नदीपुरते बरोबर आहे. पण जिथे प्रवास संपण्याआधीच प्रवाह उलटा फिरतो, तिथे तीच रीत वेळ आणि इंधन वाया घालवते. असे पाणी आपल्या शेजारीच आहे.

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालेली बोट डहाणू मागे टाकून दमणला येते. तोवर उजव्या हाताला जमीन दिसत असते. पुढे दीवला जायचे तर जमिनीचा हात सोडावा लागतो, कारण खंभातच्या आखाताचे रुंद तोंड आडवे येते. दमण ते दीव सरळ अंतर सुमारे १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर आहे. (एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट.) पाण्यापासून तीन मीटर उंचीवर डोळा असेल तर क्षितिज जेमतेम साडेसहा किलोमीटरवर असते. चाळीस मीटर उंचीचे दीपगृहसुद्धा तीसेक किलोमीटरनंतर पाण्याआड जाते. मग उरते ते होकायंत्र. ते बोटीचे तोंड कुठे आहे एवढेच सांगते. खालचे पाणी बोटीला कुठे नेते आहे हे सांगत नाही. चालत्या आगगाडीच्या बंद डब्यात बसावे तसेच हे आहे. भोवतालचे सगळेच पाणी बोटीबरोबर सरकत असल्याने ते सरकणे जाणवत नाही.

आणि इथले पाणी पुष्कळ सरकते. आखात नरसाळ्यासारखे उत्तरेकडे निमुळते होत जाते. भरतीचे पाणी आत शिरले की दोन्ही काठ जवळ येतात, तळ उथळ होतो आणि पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. भावनगरला तो दहा मीटरच्याही पुढे जातो. ओहोटीत जहाजे चिखलात बसू नयेत म्हणून तिथल्या बंदराला पाणी अडवणारा दरवाजा बांधावा लागला. एवढे सगळे पाणी आखाताच्या तोंडातूनच आत-बाहेर करते: साधारण सव्वासहा तास उत्तरेला, तेवढाच वेळ दक्षिणेला. एक फेरा १२ तास २५ मिनिटांचा होतो. आपली बोट मात्र पूर्वेकडून पश्चिमेला, या प्रवाहाला आडवी जाणार आहे.

हिशेबासाठी बोटीचा वेग साडेआठ नॉट आणि प्रवाहाचा जास्तीत जास्त वेग दोन नॉट धरू. प्रवाह ज्या-वक्राप्रमाणे बदलतो असे मानले, तर त्याची सरासरी जास्तीत जास्त वेगाच्या ०.६४ पट, म्हणजे सुमारे १.२७ नॉट येते. भरती सुरू होताना दमण सोडले आणि तोंड दीवच्याच दिशेला कायम ठेवले, तर पहिल्या सव्वासहा तासांत बोट रेषेच्या उत्तरेला जवळजवळ आठ सागरी मैल, म्हणजे पंधराएक किलोमीटर वाहत जाईल. नवख्याची झोप उडावी असेच हे अंतर आहे. पण मग ओहोटी लागते आणि तेवढेच अंतर परत देते. १०५ मैलांना साडेआठ नॉटने १२ तास २१ मिनिटे लागतात, म्हणजे भरती-ओहोटीचा जवळजवळ एक पूर्ण फेरा. बोट दीवसमोर येऊन ठेपते.

दुसरा सुकाणूवाला नावेच्या गणिताप्रमाणे वागतो. तो दर तासाला तोंड वळवतो, आधी दक्षिणेकडे, मग उत्तरेकडे, आणि नकाशावरची सरळ रेषा सोडत नाही. तो सुमारे दहा मिनिटे उशिरा पोहोचतो. दहा मिनिटे काहीच नाहीत, असे कोणी म्हणेल. तर मग निम्म्या वेगाचे, सव्वाचार नॉटने जाणारे शिडाचे गलबत घ्या. त्याला दोन पूर्ण फेरे लागतात आणि रेषा न सोडण्याच्या हट्टापायी सुमारे दीड तासाचे नुकसान होते.

असे का होते? यंत्र किंवा शीड बोटीला पुढे नेते ते पाण्याच्या संदर्भात, जमिनीच्या नव्हे. पाण्यावर बसून पाहिले तर तोंड कायम ठेवणारी बोट सरळ रेषेत जाते. नकाशावरची रेषा पाळणारी बोट पाण्यातून वाकडी, म्हणजेच लांब वाट चालते. प्रवासाचा वेळ पूर्ण फेऱ्याइतका नसेल, तरी तत्त्व बदलत नाही. तासातासाचे वाहणे चिन्हासह मिळवावे, जी बाकी उरेल तिच्यासाठी एकदाच दिशा सुधारावी आणि ती धरून राहावे.

हल्ली उपग्रहांवरून स्थान सांगणारा पडदा लहान बोटीवरही असतो. रेषेपासून बोट किती ढळली हे तो क्षणोक्षणी दाखवतो आणि सुकाणूला जोडला तर रेषेवर परतही आणतो. नको तिथे आज्ञाधारक, असे त्याचे वर्णन करावेसे वाटते.

पडदा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. आखाताच्या तोंडाशी वाळूचे लांबलचक उथळ बांध आहेत. सौराष्ट्राच्या बाजूला जाफराबादच्या आसपास बोंबलासाठी डोल जाळी लावतात; ती प्रवाहाच्याच जोरावर मासे पकडतात, म्हणजे जिथे पाणी जोरात तिथेच ती असणार. म्हणून ती कमान आधी नकाशावर काढून पाहावी लागते. पंधरा किलोमीटर उत्तरेला जाणे धोक्याचे वाटले तर त्यावर उपाय आहे. भरती सुरू होताना न निघता भरती ऐन जोरात असताना, म्हणजे सुमारे तीन तासांनी निघायचे. बोट मग आधी उत्तरेला, नंतर दक्षिणेला आणि शेवटी पुन्हा रेषेवर येते. कमानीऐवजी नागमोडी वाट होते आणि ढळणे दोन्ही बाजूंना सात-सात किलोमीटरवर येते. प्रवासाचा वेळ तेवढाच.

प्रत्यक्षात प्रवाहाचा जोर सगळीकडे सारखा नसतो, उधाण आणि भांग यांत तो बराच बदलतो, आणि वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला की लाटा आखूड व उभ्या होऊन त्रास देतात. वर्गात मात्र आलेखकागद पुरे. दर तासाला साडेआठ घरे पश्चिमेला, आणि प्रवाहाप्रमाणे ०.५, १.४, १.९, १.९, १.४, ०.५ घरे उत्तरेला. पुढचे सहा तास तीच घरे दक्षिणेला. विद्यार्थ्यांनी ठिपके जोडले की कमान उमटते. मग हीच मालिका चौथ्या आकड्यापासून सुरू करायला सांगावी.