घरी ठेवायची लेन्स

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिंदखेड्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कचा बेत शिजतो. खोपोली काही जवळ नाही. धुळे, मालेगाव, नाशिक मागे टाकत जवळजवळ रात्रभराचा प्रवास. म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात जाते, पोरांच्या टोप्या निघतात, ओल्या कपड्यांसाठी रिकाम्या पिशव्या घेतल्या जातात. सगळ्यांत शेवटी भरली जाते ती कॅमेऱ्याची बॅग, आणि तिथे घरातल्या फोटोवेड्याचा हात अडतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स आहे. हौसेनं घेतलेली छोटी लेन्स आहे. शिवाय मनात एक किडा वळवळत असतो: लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राची ‘सत्तर-दोनशे’ दोन दिवसांसाठी मागावी का? मे महिन्यात ती मिळत नाही ही गोष्ट वेगळी. लग्नसराईत त्या लेन्सला तिच्या मालकाइतकीच उसंत नसते.

मिळत नाही ते बरंच. कॅननची ७०-२०० एफ २.८, दुसरी आवृत्ती, तराजूत टाकली तर १,४९० ग्रॅम भरते. त्याच कंपनीची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स १६० ग्रॅमच्या आसपास. एका मोठ्या लेन्सच्या भारात अशा नऊ छोट्या बसतील. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पायपीट करायची, एका हाताला पोर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. अशा वेळी गळ्यातलं दीड किलो दुपारी दोनपर्यंत दगड होतं आणि तीनला लॉकरमध्ये जातं. लॉकरमधली लेन्स कितीही भारी असली तरी फोटो काढत नाही.

थीम पार्कला कोणती लेन्स न्यावी, असा प्रश्न सगळे विचारतात. कोणती ठेवून जावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, आपल्याच जुन्या फोटोंत असतं. मागच्या सहलीचे फोटो संगणकावर उघडले की प्रत्येकाच्या तपशिलात तो किती मिलिमीटरवर काढला हे लिहिलेलं सापडतं. सहसा चित्र असं दिसतं की निम्म्याहून जास्त फोटो झूमच्या सुरुवातीच्या टोकाला, १८च्या आसपास काढलेले. लांबच्या टोकाचे थोडेच, आणि त्यातलेही बरेच हललेले.

हे असं का होतं, ते पार्कच्या जन्मात दडलंय. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं ते मनमोहन शेट्टींच्या पुढाकारानं. त्यांची अॅडलॅब्स ही कंपनी मुळात सिनेमाच्या रिळांवर प्रक्रिया करणारी. म्हणजे उद्यान उभं केलं ते सिनेमावाल्यानं. वॉल्ट डिस्नेही तसाच. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात त्याचं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मधोमध उभा राहिलेला किल्ला जेमतेम २३ मीटरचा होता. वर जाताना दगडांचा आकार लहान लहान करत नेला, त्यामुळे खाली उभ्या माणसाला तो आभाळाला टेकल्यासारखा वाटतो. सिनेमाच्या सेटचीच ही युक्ती. असा देखावा जवळून, खालून, मान वर करून बघण्यासाठी बांधलेला असतो. दूर जाऊन ‘सत्तर-दोनशे’सारख्या टेली लेन्सनं टिपला की त्याचं खरं माप उघडं पडतं.

खानदेशाला ही युक्ती परकी नाही. चाळीसगावच्या केकी मूस यांनी तीच टेबलावर करून दाखवली. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याचा उंबरठा क्वचितच ओलांडला, आणि टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, प्रकाश पाडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला अख्खं निसर्गदृश्य वाटावं. ‘टेबल टॉप’ फोटोग्राफी म्हणून ती जगभर गाजली. आज त्या बंगल्यात त्यांचं कलादालन आहे. इमॅजिकाला निघण्यापूर्वी ते बघणं हा लेन्स निवडण्याचा सगळ्यात स्वस्त शिकवणीवर्ग ठरेल. लहान वस्तू मोठी दिसते ती कॅमेरा कुठे ठेवला त्यावर, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पार्कात हाच धडा असा वापरायचा: १८ मिलिमीटर लावायचं, गुडघा टेकायचा, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणायचा. पोर समोर, किल्ला मागे, आणि किल्ला एकदम वाढतो.

थोडं गणित केलं तर उरलेली शंकाही फिटते. कॅननच्या साध्या डीएसएलआरमधल्या सेन्सरची लांब बाजू साधारण २२ मिलिमीटर. समोरच्या वस्तूच्या उंचीला किंवा रुंदीला लेन्सच्या मिलिमीटरनं गुणायचं आणि २२नं भागायचं, की किती मीटर मागे सरावं लागेल ते कळतं. इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच. कॅमेरा उभा धरला तर १८च्या लेन्सला ३३ मीटर लागतात, ५०च्या लेन्सला ९१. आता माणसांकडे या. पाचजण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की तीनेक मीटरची रांग होते. कॅमेरा आडवा धरून ५०च्या लेन्सनं ती टिपायला जवळजवळ सात मीटर मागे जावं लागतं. सुट्टीच्या गर्दीत तेवढ्या अंतरात दुसऱ्या दोन कुटुंबांचे फोटो चाललेले असतात! ३५ला पाचेक मीटर पुरतात, १८ला अडीच.

मग ५० किंवा ३५ची लेन्स न्यायचीच कशाला? अंधारासाठी.

थीम पार्कात दोन पार्क असतात. एक उन्हातलं, दुसरं काळोखातलं. इमॅजिकातल्या ‘सलीमगढ’सारख्या जागा मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या असतात, आणि सूर्य कलला की बाहेरही दिव्यांचं राज्य सुरू होतं. किट लेन्स झूम केली की तिचं तोंड एफ ५.६पर्यंत आवळलं जातं. एफ १.८ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल तिथे हिला दीडशेवा भाग पुरतो. पंधराव्या भागात नाचणारं पोर म्हणजे नुसता रंगाचा फराटा. दीडशेव्या भागात त्याच्या तोंडावरचा आइस्क्रीमचा ओघळही दिसतो. गर्दीचा विचार करता ५० आणि ३५ यांत ३५ जास्त उपयोगी. निकॉनची ३५ एफ १.८ दोनशे ग्रॅमची आहे, खिशात मावते.

तेव्हा दिवसा १८-५५, किंवा असेल तर १८-१३५. संध्याकाळी एफ १.८. बदलायची ती एकदाच, चहाला बसल्यावर, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून, म्हणजे धूळ आत जात नाही. १०-१८सारखी रुंद लेन्स गंमत आणते, पण तिचं काम हल्ली बऱ्याच मोबाइलमधली रुंद लेन्स बऱ्यापैकी करते. मोबाइल हीच तिसरी लेन्स समजावी.

टेलीची एकच बाजू खरी आहे: कोस्टरवर किंचाळणारा आपल्या माणसाचा चेहरा. पण ताशी शंभर किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकते. हजाराव्या भागात तीन सेंटिमीटर. एवढा वेगवान शटर लावून, गर्दीतून वाट काढत, नेमका तोच डबा पकडणं हे सरावाचं काम आहे. सराव करायचाच तर त्यासाठी खोपोलीला कशाला? दोंडाईचा मागे टाकून तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीच्या यात्रेत आकाशपाळणे फिरत असतात, घोडेबाजारात घोडे उड्या घेत असतात. टेली शिकून घ्यायला यापेक्षा चांगली शाळा नाही, तिकीटही नाही.

दोन गोष्टी मात्र शिंदखेड्याच्या माणसाला घरी शिकता येत नाहीत. पहिली पाण्याची. ‘राजासॉरस’ नावाच्या बोटीच्या राइडमध्ये भिजणं ठरलेलंच, तेव्हा कॅमेरा बाहेर. (हा राजासॉरस खराच होता बरं का. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ साली त्याचं बारसं झालं.) राइडवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत हेही ध्यानात असावं. शिवाय मोठ्या कॅमेऱ्याबाबत पार्कचा त्या वेळचा नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावा.

दुसरी गोष्ट दमटपणाची. आपल्याकडच्या मे महिन्यात ओला टॉवेल तासाभरात पापड होतो, त्यामुळे लेन्सवर दव साचतं हे इथे कोणी बघितलेलं नसतं. खोपोली मात्र घाटाखाली, दमट हवेत. एसी गाडीतून किंवा तिथल्या बर्फाच्या दालनातून कॅमेरा तसाच बाहेर काढला की काच चष्म्यासारखी पांढरी होते. पुसली की पुन्हा पांढरी. उपाय डब्याशेजारी ठेवलेल्या त्या रिकाम्या पिशवीत आहे: थंड जागेत असतानाच कॅमेरा तिच्यात घालून तोंड घट्ट बांधायचं आणि बाहेर आल्यावर वीसेक मिनिटं उघडायचं नाही. दव पिशवीवर बसतं, काचेवर नाही.

परतीच्या गाडीत मात्र ३५ कॅमेऱ्यावरच राहू द्यावी. धुळ्याच्या अलीकडे कुठेतरी, ढाब्याच्या पिवळ्या दिव्याखाली गाडी थांबते. चेहऱ्यावर रंगवलेल्या वाघाच्या मिशा अर्ध्या पुसलेलं पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं असतं. एफ १.८, सेकंदाचा साठावा भाग, फ्लॅश बंद.