लायपोप्रोटीन-ए : नेहमीच्या तपासणीत न दिसणारा धोका

लायपोप्रोटीन-ए हा रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधला. त्याची घडण एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या कणासारखीच असते. मात्र त्याला एक जादा प्रथिन जोडलेले असते. हे कण धमनीच्या अस्तरात शिरून तिथे दाह निर्माण करतात आणि मेदाचे थर साचू लागतात. महाधमनीची झडप कडक होण्याशीही त्यांचा संबंध आहे.

रक्तातील त्यांचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. आहार-व्यायामाने ते फारसे बदलत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक प्रमाण जोखमीचे मानतात. जगात सुमारे पाचपैकी एका व्यक्तीत ते वाढलेले आढळते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा आकडा नसतो; त्यासाठी वेगळी चाचणी लागते. बहुतेकांना ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते.

धमन्या अरुंद होत असताना सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. पुढे चढ चढताना छाती भरून येणे, चालताना पोटरीत गोळे येणे अशी लक्षणे दिसतात. त्याआधीच सीटी स्कॅनमध्ये हृदयधमन्यांतील कॅल्शियम आणि सोनोग्राफीत मानेच्या धमनीतील थर दिसू शकतात. लायपोप्रोटीन-ए जास्त असल्यास एलडीएल, रक्तदाब व साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे अधिक गरजेचे ठरते. जवळच्या नातेवाइकांचीही तपासणी करावी.